मारा सेल्फ!

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी आरटीओत नेऊन, ती अजून धडधाकट आहे हे दाखवून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ घ्यावी लागते. माझी एमएच ०४ गाडी १९९८ ची. म्हणजे २०१३, २०१८ आणि २०२३ अशा तीन परीक्षा ती पास झाली आहे. शेवटच्या परीक्षेपर्यंत तर फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती, पण विद्यार्थिनी डगमगली नाही. आज तिच्याकडे तंदुरुस्तीचा सरकारी दाखला आहे. आमच्या घरात असा दाखला दुसऱ्या कोणाकडेही नाही.

आरटीओत ती पहिल्या सेल्फला सुरू होते, चोक (थंड इंजिन पेटवायला ओढायची डॅशबोर्डवरची दांडी) न ओढता. दुखणीखुपणी ती घरच्यांसाठी राखून ठेवते.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरप्लेटा सक्तीच्या झाल्या, त्याही मी इमानेइतबारे बसवल्या. सध्या त्या प्लेटा हाच गाडीतला सर्वांत नवा भाग आहे. त्यांनी चोरीला आळा बसतो म्हणतात. माझं म्हणणं, चोराने आधी गाडी सुरू करून दाखवावी. मी स्वतः त्याला चहा पाजीन.

श्रावणातला रविवार होता. नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता आणि मावशीला घेऊन जायचं होतं. आम्ही राहतो पातलीपाड्याला, घोडबंदर रोडवर. मावशी पैठणी सावरत पुढच्या सीटवर बसली, चोकच्या दांडीला पर्स अडकवली (ती दांडी त्यासाठीच दिलेली आहे अशी तिची पहिल्यापासूनची समजूत), आणि म्हणाली, "चल, मुहूर्त चुकायचा." मी किल्ली फिरवली.

"टक."

जुनी गाडी बाळगणाऱ्याला कान लागतो. सेल्फ मारल्यावर 'टकटकटकटक' असा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज आला तर बॅटरी बसली आहे. 'घुर्र घुर्र' करत इंजिन फिरलं आणि तरी पेटलं नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी पोचत नाही. आणि एकच कोरडा 'टक' आला, तर एक तर सेल्फ अडकलाय, नाहीतर बॅटरीचा करंट त्याच्यापर्यंत भरपूर पोचत नाहीये. म्हणजे अर्धं निदान फुकटात, कानाने होतं. अट एवढीच की आजूबाजूला शांतता पाहिजे.

आमच्या सोसायटीत बॉनेट उघडल्याबरोबर ती संपते. सर्वसाधारण सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकुबी घ्यावी लागते, पण बॉनेट उघडलं की दोन्ही विंगांची गणपूर्ती चटकन होते. सेक्रेटरी आले. तळमजल्यावरचे काका दाढीचा साबण पुसत आले. बी विंगमधला आयटीवाला मुलगा आला. ज्यांच्याकडे गाडीच नाही असे तिघे आले, आणि सगळ्यांत ठाम मतं त्यांचीच होती.

मी हेडलाइटची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दिवे लावून सेल्फ मारायचा. दिवे मंदावले तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलची गडबड. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. दिव्यांसमोर कोणीतरी उभं राहायला हवं, म्हणून वॉचमनला उभं केलं आणि सेल्फ मारला.

"टक."

"मंद झाले का?"

"नाही साहेब, एकदम मस्त लाइट आहे."

निदान इथेच झालं होतं, म्हणजे निदान व्हायला पुरेसा पुरावा इथेच मिळाला होता. पण वॉचमनची साक्ष समितीने ग्राह्य धरली नाही. काकांनी आत हात घालून हॉर्न दाबला. तो खणखणीत वाजला. "बॅटरी ठणठणीत आहे," काकांनी जाहीर केलं, "प्लग काढा."

आता हॉर्न लागतो पाच-सात अँपिअरवर. इंजिन फिरवायला सेल्फ शंभराच्या वर अँपिअर मागतो. हॉर्न वाजला म्हणून बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा आहे, हे काही सिद्ध होत नाही. शिवाय इंजिन जागचं हलत नसताना प्लगची ठिणगी तपासणं म्हणजे मुलगी बघण्याआधी बारशाचा हॉल बुक करणं. हे मी बोलून दाखवलं. तोवर काकांनी पाना लावून एक प्लग काढलासुद्धा होता. काका कोणाचीही गाडी बंद पडली की प्लग काढतात. डिझेल गाडीचाही काढायला गेले होते.

आयटीवाल्याने मोबाइल काढला. गाडीला एक सॉकेट असतं, त्यात यंत्र जोडलं की बिघाडाचा नंबर थेट फोनवर दिसतो, असं त्याने समजावलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त तो जन्मला त्याच्या आधी ही गाडी जन्मली होती, आणि तिच्यात कार्बोरेटर आहे, संगणक नाही. तरी तो डॅशबोर्डखाली टॉर्च मारून चिकाटीने शोधत राहिला. त्याला चाराण्याचं नाणं सापडलं. २०११ साली चलनातून गेलेलं. "काका, हे काय आहे?" त्याने विचारलं.

"पेट्रोल आहे ना पण?" सेक्रेटरींनी विचारलं. होतं. म्हणजे काट्याच्या मते होतं. काटा बरीच वर्षं एकाच मतावर ठाम आहे.

पेट्रोलचं नाव निघालं आणि सभा भरकटली. काकांच्या मते सगळा दोष इथेनॉलचा. "वीस टक्के मिसळतात हल्ली. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खाऊन टाकतं ते." यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि ते पाणीही शोषतं. पण सेक्रेटरींचं गाव सांगली जिल्ह्यात आणि थोडा ऊस त्यांच्या नावावर आहे. त्यांना हे लागलं. "म्हणजे शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले की तुमच्या पोटात दुखतं," ते म्हणाले. तिथून चर्चा एफआरपीवर, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरावर, तिथून साखर कारखान्यांच्या निवडणुकांवर गेली. माझ्या हातात काळा पडलेला प्लग तसाच होता. गाडीचा एक प्रश्न सोडवताना राज्याचे एवढे प्रश्न निघतील असं वाटलं नव्हतं.

या गदारोळात मावशी मधूनमधून एकच वाक्य म्हणत होती. "अरे, जळल्यासारखा वास येतोय."

"तिसऱ्या मजल्यावर फोडणी दिली असेल," काका म्हणाले.

"फोडणीचा वास मला कळतो," मावशी म्हणाली. "आणि ही दांडी गरम का लागतेय?"

तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पैठणी नेसलेल्या बाईचं इंजिनाबद्दलचं मत नोंदवून घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग एकमताने ठराव आला, धक्का. दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. उपाय उत्तम. पण आमच्या आवारात लहान मुलांच्या सुरक्षेसाठी हातभर अंतरावर गतिरोधक घातले आहेत, आणि ते घालून घेण्याचं श्रेय सेक्रेटरी दरवर्षी अहवालात घेतात. गाडी जरा कुठे वेग धरायची की पुढचा उंचवटा यायचा. पहिल्यावरून नेली. दुसऱ्यावर अडली. तिसऱ्यापाशी खुद्द सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे कोणी घातलेत एवढे उंच?"

मावशीने रिक्षाचा विषय काढला. रविवारच्या पावसात घोडबंदरवर रिक्षावाला नौपाडा ऐकून जो चेहरा करतो, तो मी तिला वर्णन करून सांगितला. "मग लोकलने जाऊ," ती म्हणाली. मावशी दादरची. बोरीबंदरहून चौदा डबे आणि तीन इंजिनं लावून पहिली आगगाडी ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ ला. पातलीपाड्याला ती अजून यायची आहे. मेट्रो ४ चे खांब मात्र गॅलरीतून छान दिसतात.

शेवटी मानपाड्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो स्वतः गावाला गेला होता. त्याने हाताखालचा पोरगा पाठवला. पोरगा स्कूटरवरून उतरला, जमावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जरा सगळे गप्प बसता का? साहेब, मारा सेल्फ."

"टक."

"प्लग कोणी काढला?"

काकांनी हातातला पाना लुंगीआड धरला. पोराने तो प्लग बसवून घेतला आणि एवढंच विचारलं, "काही वास वगैरे?"

"मी मघापासून काय सांगतेय?" मावशी गाडीतून कडाडली. "वास येतोय आणि ही दांडी तापलीये!"

पोराचा चेहरा उजळला. त्याने जंपर केबलची काळी वायर काढली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा थेट इंजिनाच्या लोखंडाला लावला. "मारा सेल्फ." इंजिन घुर्र करून फिरलं, खोकलं आणि चालू झालं. टाळ्या पडल्या. गाडी नसलेल्या तिघांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

भानगड अशी होती. बॅटरीपासून इंजिनापर्यंत अर्थची एक पट्टी असते. सेल्फ जो करंट खातो तो परत जायची वाट तीच. पावसाळ्यांनी ती गंजवून जवळजवळ तोडली होती. दिव्यांची आणि हॉर्नची अर्थ बॉडीवर वेगळी, म्हणून ते टुणटुणीत. सेल्फच्या करंटने मात्र परतीची दुसरी वाट शोधली, आणि इंजिन व डॅशबोर्ड यांना जोडणारी लोखंडी तार कोणती, तर चोकची केबल. ज्या तारेने कार्बोरेटरची एक झडप हलवायची, तिच्यातून सेल्फचा करंट जाऊ पाहत होता. ती तापली, तिचं प्लास्टिक करपलं. नवी बॅटरी घेतली असती तरी 'टक'च ऐकू आलं असतं.

"मावशींनी बरोबर पकडलं होतं," पोरगा म्हणाला. काका म्हणाले, "मी पण अर्थच म्हणत होतो." मावशीने त्यांच्याकडे शाळेत निरीक्षकांनी बघावं तसं पाहिलं.

गाडी बंद करून पोराने नवी पट्टी लावली, टोकं पॉलिश पेपरने घासली, वर ग्रीस फासलं. मी पुन्हा सेल्फ मारला तेव्हा ती अगदी रडतखडत पेटली. "एवढा वेळ दिवे आणि हॉर्न चालू ठेवून बॅटरी उतरवलीत तुम्ही लोकांनी," तो म्हणाला. "आता अर्धा तास तरी इंजिन बंद करायचं नाही. आणि नुसती उभी ठेवू नका, चालवा. उभ्या गाडीत नीट चार्जिंग होत नाही."

चालवा. रविवारी सकाळी. घोडबंदर रोडला.

मानपाडा ओलांडेपर्यंत आम्ही मुख्यतः उभेच होतो. एसी बंद, कारण बॅटरी. काचा खाली, कारण एसी बंद. पावसाचे शिंतोडे पैठणीवर, कारण काचा खाली. मावशी रुमालाने पदर टिपत कपूरबावडीपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिथे पुलाखालच्या सिग्नलला इंजिनाने एक उचकी दिली. मग आणखी एक. वर्षानुवर्षं एकाच मतावर असलेल्या काट्याने आज पहिल्यांदा मत बदललं होतं आणि तो तळाला टेकला होता.

पुढचा पेट्रोल पंप डावीकडेच होता. रांगेत शिरलो. मागे दोन गाड्या लागल्या. आमचा नंबर आला. पंपावरचा मुलगा नळी घेऊन खिडकीशी आला आणि त्याने नियमाप्रमाणे सांगितलं, "साहेब, इंजिन बंद करा."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने घड्याळाकडे. मागून हॉर्न वाजला. मग तिने चोकवरची पर्स काढून खांद्याला लावली, खिडकीतून त्या मुलाकडे वाकली आणि विचारलं, "बाळा, इथे धक्का मारायला किती जण आहात रे तुम्ही?"