‘तांडव’ पडद्यावर आणायची तर

कादंबरीवरून चित्रपट निघाला की आपल्याकडे पहिली तक्रार ठरलेली असते: अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र आलेच नाही. पणजीत इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत ही चर्चा हमखास कानांवर पडते आणि दर वेळी मला वाटते की आपण भलत्याच मुद्द्यावर अडून बसलो आहोत. महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ ही कादंबरी पडद्यावर आणायची म्हटले तर खरा प्रश्न वेगळाच आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा रचली आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ आला, तेव्हा काय थोडे गाळावे लागले असेल? तरीही तो पट विस्कटला नाही, कारण राजकारणाचे सगळे धागे जवळून पाहणारा दिगू टिपणीस हा पत्रकार पटकथेने शेवटपर्यंत धरून ठेवला.

महाबळेश्वर सैलांच्या ‘अदृष्ट’ या कोंकणी कादंबरीवर लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी २००९ मध्ये ‘पलतडचो मुनीस’ केला. एकाकी वनरक्षक आणि त्याने आसरा दिलेली मनोरुग्ण स्त्री यांच्याभोवतीच ती कथा फिरते, त्यामुळे कादंबरीकार शब्दांत जे सांगतो ते तिथे रानाच्या शांततेला सांगता आले.

सैलांचीच मराठी ‘तांडव’ मात्र फार अवघड आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज धर्मांतराच्या त्या कथेत एखादा नायक नाही, अख्खा गावच होरपळतो. चित्रपटाला चेहरा लागतो. पण इथे एक चेहरा पुढे आणला की गावाची शोकांतिका एका वीराची गाथा होते आणि समोर एक खलपुरुष उभा करावाच लागतो. गोव्यात तर हा धोका अधिक आहे, कारण धर्म बदललेल्यांचे आणि न बदललेल्यांचे वंशज आज शेजारी राहतात.

कुठ्ठाळीचा देव मंगेश पोर्तुगीजांपासून वाचवण्यासाठी जुवारी नदीपार प्रियोळला नेला गेला, तसा एखाद्या दैवताचा रात्रीचा प्रवास कॅमेरा दोन मिनिटांत अप्रतिम दाखवील. पण त्याआधी घराघरांत झालेला खल, म्हणजे कोणी जायचे, जमिनीसाठी धर्म बदलून कोणी मागे राहायचे, राहणाऱ्याचे पुढे काय होणार, तो कसा दाखवायचा? कादंबरी एकाच परिच्छेदात भावाच्या मनातून भावजयीच्या मनात शिरू शकते. पडद्यावर ते संवादांत बोलून घेतले की त्याचे नाटक होते, आणि नाटकवेड्या गोमंतकात हा मोह अधिकच होतो.

मालिका केल्याने वेळ मिळेल, ही अडचण सुटणार नाही. माझ्या मते दिग्दर्शकाने एकच घर निवडावे, त्यातला एक भाऊ जाणारा आणि एक राहणारा असावा, आणि दोघांपैकी कोणालाही भित्रा ठरवू नये. बाकीची घराणी गाळली तरी वाचक म्हणून माझी तक्रार नसेल.