बारावर अडून बसलेले घड्याळ

वेळ लावण्याची कटकट कायमची संपेल, असे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले वाचून मी रेडिओ-नियंत्रित घड्याळ घरी आणले आणि गेले तीन आठवडे मी वेळ लावण्याखेरीज दुसरे काहीही केलेले नाही.

सेल घातला की या घड्याळाचे काटे गरगर फिरतात आणि बारावर येऊन थांबतात. हा बिघाड नव्हे. काटे नेमके कुठे आहेत हे यंत्राला ठाऊक असावे म्हणून ते आधी एका ठरावीक जागी आणले जातात आणि रेडिओचा संदेश मिळाला की तिथून खऱ्या वेळेवर नेले जातात. संदेश मिळाला तर! माहितीपुस्तिका म्हणते की काही मिनिटे वाट पाहावी. मी संध्याकाळी सात वाजता सेल घातला, साडेआठपर्यंत वाट पाहिली, जेवण उरकून पुन्हा येऊन पाहिले, आणि काटे एकमेकांवर चढून बारावर जे बसले होते ते तसेच होते.

इथे युरोपात आमच्या घड्याळाला ज्याची आज्ञा पाळायची आहे ते डीसीएफ ७७ हे वेळेचा संदेश पाठवणारे रेडिओ केंद्र जर्मनीत फ्रांकफुर्टजवळ मेनफ्लिंगेन येथे आहे आणि ते ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करते. त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. १९५९ पासून ते चालू आहे, १९७३ पासून तारीख-वेळेचा पूर्ण संकेत पाठवत आहे आणि त्यामागे अणुघड्याळे आहेत. दर सेकंदाच्या आरंभी प्रक्षेपणाची ताकद क्षणभर कमी केली जाते, ती ०.१ सेकंद कमी राहिली तर शून्य आणि ०.२ सेकंद राहिली तर एक, आणि अशा शून्य-एकांच्या रांगेतूनच घड्याळ तारीख-वेळ वाचते. एकोणसाठाव्या सेकंदाला ही घट मुद्दाम टाळली जाते, त्यावरून मिनिट संपल्याचे कळते. म्हणजे एक वेळ कळायला पुरते एक मिनिट लागते, आणि खात्रीसाठी घड्याळाला सहसा असे दोन-तीन संदेश लागोपाठ स्वच्छ ऐकू यावे लागतात. मध्येच एका सेकंदाला खरखर झाली की पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात.

आणि खरखर कशाची होते? टीव्हीची, चार्जरची, एलईडी दिव्यांची. थोडक्यात, घर म्हणून ज्याला म्हणतात त्या सगळ्याची. एका रात्री मी एकेक प्लग काढत संपूर्ण घर अंधारात नेले, तेव्हा घड्याळासाठी आता श्वासही रोखून धरायचा का, असा प्रश्न शेजारच्या खोलीतून आला. मला उत्तर सुचले नाही, कारण मी खरोखरच श्वास रोखून बसलो होतो.

पण माझा खरा संताप ॲन्टेनावर आहे. या घड्याळाच्या पोटात बोटाएवढी फेराइटची, म्हणजे एका चुंबकीय पदार्थाची, कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली असते आणि तीच त्याचा कान. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी, म्हणजे काटकोनात असेल तर तिला उत्तम ऐकू येते. तिचे टोक केंद्राकडे रोखलेले असेल तर जवळपास काहीच ऐकू येत नाही. आता भिंतीवरच्या घड्याळात ही कांडी भिंतीला समांतर बसवलेली असते. याचा सरळ अर्थ असा की जी भिंत केंद्राच्या दिशेने धावते, त्या भिंतीवर टांगलेले घड्याळ जन्मभर बहिरे राहणार. माझी भिंत नेमकी तशी आहे. हे मला पुस्तिकेने सांगितले नाही. होकायंत्र आणि नकाशा घेऊन मी स्वतः ते शोधून काढले, आणि शोध लागल्यावर आनंद होण्याऐवजी अंगाचा तिळपापड झाला. चार ओळींत आणि एका छोट्या आकृतीत ही गोष्ट समजावता आली असती, पण ‘घड्याळ योग्य जागी ठेवावे’ एवढ्यावर त्या विद्वानांनी माझी बोळवण केली. टेबलावरचे घड्याळ निदान फिरवून ठेवता येते. भिंत कशी फिरवायची?

म्हणून मग रात्रीचा उद्योग सुरू झाला. रात्री लांब पल्ल्याचा संदेश अधिक चांगला पोहोचतो, घरातली विजेची उपकरणेही बंद असतात, आणि हे घड्याळ स्वतःहून प्रयत्न करते तेही रात्रीच. त्यामुळे झोपण्यापूर्वी ते खिळ्यावरून उतरवायचे, खिडकीत नेऊन केंद्राकडे तोंड करून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा टांगायचे. एकदा वेळ मिळाली की पुढे ते साध्या क्वार्ट्झवरच चालते, अगदी जुन्या घड्याळासारखे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तर कहर झाला. त्या पहाटे इथे उन्हाळी वेळ सुरू होते आणि घड्याळे एक तास पुढे जातात. केंद्र तासभर आधीपासून तशी सूचनाही संदेशातून देत असते. नेमके त्याच रात्री कंटाळून मी घड्याळ भिंतीवरच ठेवले होते, आणि जे बदल आपोआप करण्यासाठी विकत घेतले, तेच सकाळी एक तास मागे. शेवटी मागचे बटण दाबून धरले. त्या बटणाने काटे फक्त पुढे जातात, मागे येत नाहीत. माझे बोट क्षणभर जास्त राहिले, काटा दोन मिनिटे पुढे सरकला आणि ती दोन मिनिटे परत मिळवण्यासाठी मी काट्यांना जवळजवळ बारा तासांची प्रदक्षिणा घालायला लावली.

आता खिळ्यावर पुन्हा जुने घड्याळ टांगले आहे आणि नवे कायमचे खिडकीत, जिथून ते कोणालाही दिसत नाही. नव्याला रात्री संदेश मिळाला की नाही, हे मी रोज सकाळी जुन्याकडे पाहून ठरवतो.