हिंगाचा मोझार्ट

आमच्या घरातली सगळ्यात धारदार सुरी माझी आहे आणि तिने आजवर एकही कांदा चिरलेला नाही. आजीला याचा राग आहे. कैऱ्यांच्या दिवसांत ती सुरी आडून आडून मागते, मी देत नाही, मग "आपली विळीच बरी बाई" म्हणत मला ऐकू येईल अशा बेताने फोडी करते. ही सुरी रीड तासायची. रीड म्हणजे ओबोच्या तोंडाशी बसणारी पत्ती, आणि ओबो म्हणजे... इथे बडोद्यात मी हल्ली 'सनईसारखं असतं' म्हणून मोकळी होते. फारसं खोटंही नाही ते. दोन्हींची पत्ती दुहेरी, दोन्हींची नळी खाली रुंदावत जाणारी. फरक इतकाच की सनईवाल्याला लग्नात बोलावून जेवायला घालतात.

वाद्य शिकायचं म्हणजे सूर, ताल, रियाझ असं लोकांना वाटतं. ओबोत त्याआधी सुतारकाम येतं. अरुंडो डोनॅक्स नावाचं एक उंच गवत असतं, त्याची चांगली नळी दक्षिण फ्रान्समधून येते. ती उभी चिरून तिचे तीन भाग करायचे, आतून तासायचे, आकार कापायचा, मधोमध दुमडायचं, बूच लावलेल्या पितळी नळीवर दोऱ्याने आवळून बांधायचं. मग दुमडलेलं टोक कापलं की दोन पात्या सुट्या होतात. आता खरी परीक्षा. दोन्ही पात्यांच्या मध्ये पत्र्याची जीभ सारून टोक खरवडत न्यायचं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ होईपर्यंत. एक ओढ कमी पडली तर वाजत नाही, एक जास्त झाली तर कधीच वाजत नाही. एवढं करून तयार होतं ते जेमतेम सात सेंटिमीटरचं प्रकरण, आणि ते पंधरवडाभर टिकलं तर मी देवापुढे साखर ठेवते.

तयार रीड विकत मिळते. परदेशातून मागवली की एकेकीला दोन-अडीच हजार पडतात. बाबांनी पहिल्यांदा किंमत ऐकली तेव्हा विचारलं, "बासरीला काय वाईट होतं?" दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा मला सुरी आणून दिली.

वाजवण्याआधी रीड पाण्यात भिजत ठेवावी लागते, नाहीतर पाती चिरते. त्यासाठी लहानशी, उभट, झाकणाची डबी हवी. आमच्या घरात अशा मापाची एकच डबी निघाली, ती हिंगाची. मी ती साबणाने घासली, लिंबाने घासली, आठवडाभर उन्हात ठेवली. हिंग हा पदार्थ माघार घेणारा नव्हे. मोझार्टने 1777 साली ओबोसाठी कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्याने वाजवायची रचना, लिहिला, तो मी वाजवायला घेतला की पहिल्याच लांब सुराला वरणाची फोडणी जिभेवर येते. साल्झबुर्गमधल्या मूळ वादकाला ही सोय नव्हती.

त्यात बडोद्याची हवा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की रीड आकसून तोंड मिटते, आणि पावसाळा लागला की फुगून आ वासते. अस्सल ओबो आफ्रिकन ब्लॅकवूडचा असतो आणि कोरड्या हवेत त्या लाकडाला तडा जाऊ शकतो, म्हणून माझा प्लास्टिकचा आहे. प्लास्टिकचा म्हटल्यावर नातेवाईक जत्रेतली पिपाणी डोळ्यांसमोर आणतात, मग किंमत विचारतात, आणि पुढचा बराच वेळ चहा कसा झालाय यावर बोलतात.

फुंकण्याची तऱ्हाही उलटी. इतर वाद्यांत दम पुरत नाही, ओबोत दम संपत नाही. पात्यांमधली फट इतकी बारीक की हवा जातच नाही. वापरलेला श्वास छातीत साचून राहतो, कानशिलं ठणकतात, चेहऱ्याचा टोमॅटो होतो. म्हणून आधी शिळा श्वास सोडायचा, मग ताजा घ्यायचा, आणि हे दोन्ही अर्ध्या मात्रेत. आजी हा सोहळा जपमाळ थांबवून बघते. एकदा म्हणाली, "एवढा जोर लावून एवढासाच आवाज? सुईणीला तरी बोलवू का?"

सर मुंबईला असतात, शिकवणी रविवारी व्हिडिओ कॉलवर. पहिल्या तासाला मी फेर्लिंगच्या अठ्ठेचाळीस एट्यूडांपैकी, म्हणजे सरावाच्या रचनांपैकी, एक जीव ओतून वाजवली. सर शांतपणे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "छान. झाली तयारी? आता वाजव." कॉलच्या सॉफ्टवेअरने ओबोला गोंगाट ठरवून पुसून टाकलं होतं. सरांनी सेटिंग शोधून ते बंद करायला लावलं, तेव्हापासून त्यांना ओबो ऐकू येतो, आणि सोबत मिक्सर, भंगारवाला आणि आजीची मतंही.

खरं तर या गावाला सुरांचं वावडं नाही. 1886 साली सयाजीराव महाराजांनी इथे गायनशाळा काढली आणि गवई मौलाबक्षांच्या हाती दिली. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ इथलेच दरबारी गवई. पण हा वारसा आमच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचलेला नाही. तिथल्या कोकिळामावशी नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या भोंग्यांखाली हसतमुखाने फेर धरतात आणि मी संध्याकाळी सहाला एक स्केल वाजवली की जिन्यातून विचारतात, "बेटा, आ शुं वागे छे? कोई मांदुं छे?" म्हणजे हे काय वाजतंय, कुणी आजारी आहे का? ऑर्केस्ट्रात शंभर माणसं ओबोच्या 'ए' या सुरावर आपापली वाद्यं लावून घेतात. इथे माझ्या 'ए'ला सूर लावतो तो फक्त गल्लीतला काळा कुत्रा, आणि तोही किंचित चढा. वर्षातून दोनच दिवस मी मनसोक्त वाजवते, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत आणि तिचा दुसरा दिवस. गच्चीगच्चीवर पोरं पिपुडां फुंकत असतात, त्यात माझा ओबो कुणाच्या ध्यानातही येत नाही. गेल्या खेपेला एका पोराने उलट शाबासकी दिली.

नवी रीड जमली की नाही हे बघायला ती ओबोला न लावता नुसतीच फुंकतात. कर्कश 'काँव' निघतो आणि त्यात वरखालचे दोन 'सी' एकदम ऐकू यावे लागतात. धंद्यातली माणसं या परीक्षेला कावळाच म्हणतात.

भाद्रपदात आजोबांचं श्राद्ध होतं. गच्चीवर पान ठेवलेलं, सगळे हात जोडून उभे, आणि कावळ्याचा पत्ता नाही. काकांनी आजोबांना नातवाच्या नोकरीचं वचन दिलं. बाबांनी घर विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळा नाही. ऊन चढलं, पोटात कावळे मात्र ओरडायला लागले. शेवटी आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "जा गं, तुझी ती काडी आण."

मी खाली जाऊन डबीतली आणली आणि कठड्याशी उभी राहून फुंकली. दुसऱ्या फुंकरीला न्यायमंदिराच्या बाजूने दोन आले, पाठोपाठ आणखी पाच-सहा. त्यातला एक थेट पानावर उतरला, आधी वड्याला टोचा मारला, मग खिरीला. आजीने पदर डोळ्यांना लावला. रीड 'सी'ला चांगलीच उतरलेली होती, पण आजोबा सुराबाबत कधीच फार काटेकोर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळामावशी दारात. हातात दूधपाकाची वाटी. त्यांच्या सासऱ्यांची तिथी होती, कागवास, म्हणजे कावळ्याचं पान, घालून तासभर झाला होता. "बेटा," त्या म्हणाल्या, "पांच मिनिट उपर आवीश? पेलुं लईने." म्हणजे, ते घेऊन.