गावाला पैसे पाठवताय? मग हे वाचाच

पहिली गोष्ट, पैसे पाठवले की गावाचा विकास आपोआप होतो, त्यावर डोकं लावायचं नसतं. आजोबांनी तेच केलं. मुंबईच्या कापड गिरणीत साचे (म्हणजे माग) चालवायचे, पगार झाला की मनीऑर्डर, वर पोस्टाचं कमिशन, आणि फॉर्मखालच्या दोन ओळी घरच्यांच्या आधी पोस्टमन वाचणार (बऱ्याच घरांत तोच वाचूनही दाखवायचा म्हणा). रत्नागिरीला लोक मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणायचे, आता एवढं नाव झाल्यावर तिथे आणि कारखाने-बिरखाने कशाला? १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, मनीऑर्डर बंद, आणि कितीतरी चाकरमानी गावच्या भातावर येऊन जगले. पण ते जुनं झालं, सोडा.

आता घर बांधा. जुनं चिऱ्याचं कौलारू पाडायचं आणि स्लॅब टाकायचा, कर्ज झालं तरी चालेल पण वरचा मजला पायजेच कारण शेजाऱ्यांनी काढलाय. सिमेंट, सळया, टाइल्स सगळं बाहेरून येतं, म्हणजे पैसापण चाकरमान्यासारखाच, आला आला म्हणेपर्यंत परत गेला. घर झालं की कुलूप लावा, गणपतीला आणि शिमग्याला उघडा. राहायला कोण नाही असं रडू नका, २००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या चक्क कमी झाली आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, आता सगळे पुरुष कुठं गेले ते तुम्ही मला सांगायचं, लोकलमध्ये उभं राहून.

मग देऊळ. मुंबई मंडळाची मीटिंग लावा, जीर्णोद्धार काढा, देणगीदारांच्या मार्बलच्या पाटीवर आपलं नाव चुलत्याच्या वर येईल एवढी रक्कम टाका. मे महिन्यात वाडीत टँकर येतो हे खरंय, पण विहिरीच्या गाळ काढण्यावर कोणी नावाची पाटी लावतं का?

आखातातल्या भावाचा मात्र मान ठेवा. २०२४ ला परदेशातून भारतात १२९ अब्ज डॉलर आले, जगात पहिला नंबर, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा, २०.५ टक्के. त्यातले तुमच्या वाडीत किती आले ते विचारू नये, वाडीत एटीएम आहे का ते पण विचारू नये.

राहिली शेती. सातबाऱ्यावर एवढी नावं की सह्या गोळा करता करता दोन वारस वाढतात, माकडं आणि रानडुकरं उरलेलं बघतात, त्यामुळे पडीकच ठेवा. आई रेशनचा तांदूळ आणते, त्यात काय कमीपणा. कलमांच्या बागेला तेवढा एक नेपाळी राखण्या ठेवा, पगार तुम्ही जीपेवर टाका. परवा मी गेलो तेव्हा आमचा राखण्या बाजारातल्या पैसे पाठवायच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. कुठं पाठवतोस विचारलं तर म्हणाला, गावाला, घर बांधतोय, स्लॅबचं.