वाकळेच्या पोटात काय घालू?

रिटायर झाल्यावर माणसानं काय करावं, याबद्दल कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत प्रत्येकाकडं ठाम मत आहे. रंकाळ्याला फेऱ्या मार. कट्ट्यावर बस. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब बघ. मी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेतली. आजोबा आणि वडील दोघंही तालमीच्या लाल मातीत वाढलेले, आणि त्यांचा वंशाचा दिवा खिडकीत बसून सुईत दोरा ओवतोय, ही बातमी गल्लीत दूध यायच्या आत पोचली.

वाकळ नातीसाठी. 45 इंच बाय 60. सासूबाईंच्या विटलेल्या काळ्या इरकली आणि खणांचे उरलेले तुकडे जोडून वरची बाजू तयार झाली, खालून लावायला इचलकरंजीचं मलमल आणलं. इथंवर सगळं सुरळीत होतं. अडलं ते मधे. वर आणि खाली यांच्या मधे काय घालायचं?

परदेशात या मधल्या थराला बॅटिंग म्हणतात, हे मोबाईलवरून कळलं. महाद्वार रोडवर शिवणसामानाच्या दुकानात जाऊन मी तोच शब्द वापरला. काउंटरवरच्या पोरानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काका, आपल्याकडं फुटबॉल चालतोय." मग मी हातवारे करून समजावलं. तेव्हा त्यानं वरच्या फळीवरून पांढऱ्या ढगासारखी गुंडाळी ओढून काढली. "फायबर. जाकिटात घालत्यात. किती मीटर? आणि वहिनींना एकदा फोन लावून विचारा, उगाच परत यायला नको." वहिनी त्या वेळी घरी मालिका बघत होत्या आणि त्यांना शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. मीटरभर घेतलं.

घरी येऊन वीतभर तुकड्यावर टाके घालून बघितले. सुई अशी सरसर गेली, की मला माझ्या हातकौशल्याबद्दल भलतेच गैरसमज झाले. चार दिवस हाताळल्यावर काळ्या इरकलीवर पांढरी कुसं दिसायला लागली. पॉलिएस्टरचे बारीक तंतू कापडाच्या विणीतून हळूहळू बाहेर सरकतात. पांढऱ्या कापडावर कुणाच्या लक्षात येत नाही, काळ्यावर कोंडा झाल्यासारखं दिसतं. नातीच्या वाकळेला कोंडा कसा चालेल?

म्हणून कापूस. लक्ष्मीपुरीच्या बाजूला एका गादीवाल्याकडं गेलो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "किती किलोची?" वाकळ किलोवर असते हे मला नवीन होतं. त्यानं पिंजलेल्या कापसात हात घातला आणि मूठभर माझ्यापुढं धरला. मऊ, उबदार, अधूनमधून सरकीच्या टरफलाचे काळे ठिपके. माझा जीवच रमला. मग तो म्हणाला, "पण ह्याला टाकं जवळजवळ पायजेत. न्हायतर दोन धुण्यात सगळा माल एका कोपऱ्यात." गादीला ते दाभणानं दणादण टाके मारून मोकळे होतात. वाकळेला धावदोरा. मी पस्तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळं तिथंच पावतीच्या पाठीवर आकडे मांडले. दोन-दोन इंचांवर ओळ म्हणजे 29 ओळी, ओळ 45 इंचांची, आणि माझे टाके इंचाला पाच. एकूण 6,525. सराईत हात इंचाला आठ-दहा टाके घालतात; त्यांचा आकडा मी काढला नाही, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती.

ओळी चार इंचांवर नेल्या तर काम निम्म्याच्या खाली येतं. पण त्यासाठी थर एकजीव पाहिजे. असा कापसाचा तयार थर ऑनलाइन मिळाला. 80 टक्के कापूस, 20 टक्के पॉलिएस्टर. पिशवी फोडल्यावर तो चुरगळलेला निघाला, रात्रभर दिवाणखान्यात पसरून ठेवला. बायको त्याला वळसा घालून देवघरात जात होती. सकाळी सुई लावली तर ती आतच जाईना. दोन सुया वाकल्या, अंगुस्तानाला खळगा पडला. भिंग लावून बघितलं तेव्हा कळलं, तंतू सुटू नयेत म्हणून त्यात जाळी बसवलेली होती. मशीनवर शिवणाऱ्याला ती वरदान. हातानं शिवणाऱ्यानं मात्र बिनजाळीचा थर बघून घ्यावा. हे पिशवीवर लिहिलेलं होतं, पण मुंगीच्या अक्षरात, आणि मी चष्मा लावून खरेदी करत नाही, किंमत दिसते म्हणून.

मग लोकर. लोकरीतून सुई लोण्यासारखी जाते असं सगळीकडं वाचलं होतं. लोकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं थेट पट्टणकोडोलीची जत्रा आणि माळ्यावरचं घोंगडं. काढलं, झटकलं, कोपऱ्यात सुई टोचली. ज्यांनी कुणी ते लोणी लिहिलं, त्यांनी मऊ पिंजलेली लोकर वापरली असणार. आमचं घोंगडं दख्खनी मेंढीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. तिसरी सुई तिथं शहीद झाली.

शेवटी आत्याकडं गेलो. आत्या गंगावेशीत राहते, वय अठ्ठ्याहत्तर, आणि तिच्या हातच्या वाकळा अर्ध्या भावकीत आहेत. तिच्या वाकळेत कापूस नाही की फायबर नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक, पाच-सहा पदर. मनात म्हटलं, आता अस्सल ज्ञान मिळणार. डोळे ओले करायची तयारी ठेवूनच बसलो होतो.

तिनं माझे सगळे नमुने बोटांत धरून चुरडले आणि फायबर बाजूला काढलं. "हे घाल."

"आत्या, अगं जुनी लुगडी घालू की. परंपरा..."

"परंपरा तू धुतलीयास का कधी?" आत्या म्हणाली. "नवरात्राच्या आधी दरसाल पंचगंगेच्या घाटावर मी जातो. सहा पदरी वाकळ भिजली की म्हशीगत जड हुती. दोन बायका दोन टोकांना धरून पिळतो तवा कुठं पाणी गळतंय. आणि वाळायच्या आत पाऊस आला की वास मारतीया. हे बघ, हलकं हाय, झटक्यात वाळतंय. आमच्या वेळंला असतं तर आमी काय खुळं हुतो लुगडी भरायला?"

मी कोंड्याचा मुद्दा मांडला. काळ्या तुकड्यावरची कुसं तिला दाखवली. तिनं तुकडा उजेडात धरला आणि माझ्याकडं बघितलं. "मग काळं कापड घ्यायला तुला कुणी सांगितलं हुतं?"

याला उत्तर नव्हतं.

नातीच्या वाकळेत आता पांढरं फ्लॅनेल, म्हणजे मऊ लवदार कापड, घालतोय. आधी दोनदा गरम पाण्यातून काढलं, म्हणजे आटायचं तेवढं आधीच आटलं. सुई मुकाट्यानं आरपार जाते, कोल्हापूरच्या थंडीला एवढं पुरतं, आणि सरकत नसल्यामुळं ओळी चार इंचांवर चालतात. 3,150 टाके. बायकोनं थर हातात धरून "लईच पातळ हो" एवढंच म्हटलं, तेव्हापासून मी दुसऱ्या थराचा विचार करतोय आणि कुणाला सांगत नाही.

काल पुतण्याबरोबर आत्याचा निरोप आला. उरलेलं फायबर टाकायचं नाही. तिच्या दोन पांढऱ्या सुती साड्या पाठवल्यात, त्यात घालून तिची वाकळ आधी करायची, घटस्थापनेच्या आत. आणि टाके बारीक पाहिजेत, नाहीतर उसवून परत पाठवीन.