समोरचा ब्रेक जाम झाल्याच्या तक्रारीवर गॅरेजचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू वाचला. पोळ्याच्या आधी आमच्याकडे दुचाकीच्या समोरच्या डिस्कचे पॅड बदलले, महिन्याच्या आत ब्रेक पुन्हा धरायला लागला, चाक तापायला लागलं, आणि गाडी परत आणली तर आम्ही ‘कॅलिपर खोलावा लागेल’ म्हणून वेगळे पैसे सांगितले, असं तुम्ही लिहिलंत. मग दुसऱ्या एका मिस्त्रीनं वरून ऑइल मारून दहा मिनिटांत ब्रेक मोकळा करून दिला, म्हणून आम्ही लुटतो, असं तुमचं म्हणणं.

पैशाचं नंतर बोलू, आधी त्या ऑइलचं. कॅलिपर म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा भाग. त्यावर मारलेलं ऑइल तिथंच थांबत नाही, डिस्कवर आणि पॅडवर उतरतं. ब्रेक मोकळा वाटतो, पण गरजेच्या वेळी लिव्हर कडक लागते आणि गाडी थांबत नाही. ऑइल प्यायलेला पॅड पुसून किंवा घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. शिवाय कॅलिपरच्या आतलं सील ब्रेक ऑइलसाठी बनवलेल्या रबराचं असतं. इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं की ते फुगतं आणि पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. भाऊ, या ब्रेकवर वहिनींना आणि लेकरांना घेऊन कुठं जाऊ नका. डिस्क साफ करून नवे पॅड बसेपर्यंत गाडी घरीच उभी ठेवा.

आता ब्रेक पुन्हा का जाम झाला ते. तुम्ही पोळ्याच्या आधी गाडी आणली तेव्हा आतला पॅड पार लोखंडाला टेकला होता आणि बाहेरचा अर्धा शिल्लक होता. दोन्ही सारखे झिजले असते तर नुसते पॅड टाकून भागलं असतं. एकच बाजू खाल्ली गेली, म्हणजे ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या अडकल्यात. हे तुम्हाला तेव्हाच दाखवलं होतं. फवारणी अंगावर होती, गाडी त्याच दिवशी हवी होती, म्हणून तुम्ही फक्त पॅड टाका म्हणालात. लोखंडावर लोखंड घासत गाडी पाठवणं आम्हाला पटलं नाही, म्हणून पॅड टाकले आणि बिलावर ‘कॅलिपर सर्व्हिस बाकी’ असं लिहिलं. ते बिल तुमच्याकडे असेल.

पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याचा उघडा भाग धूळ, पाणी खातो. नवे जाड पॅड बसवायचे तर तोच भाग आत ढकलावा लागतो. बाहेरून कितीही पुसला तरी उरलेला गंज सीलखाली जातो. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागं ओढायला स्प्रिंग नसते. चौकोनी कडांचं ते रबरी सीलच लिव्हर दाबली की थोडं पिळतं, सोडली की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागं घेतं. सीलवर मळ बसला की हे होत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो आणि चाक तापतं. म्हणून जुन्या कॅलिपरवर नवे पॅड टाकल्यानंतरच हा त्रास जास्त दिसतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीत हे लवकर होतं. पांदणीनं वावरात गेलेली गाडी चिखल घेऊन येते, मग आपण फवारणीच्या पंपानं किंवा वॉशिंगच्या प्रेशरनं नेमकं कॅलिपरवरच पाणी मारतो. पिनांचे रबरी बूट फाटलेले असले की चिखल आत जातो आणि वाळून बसतो. पाऊसकाळ संपला की पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावून घ्यावं, एवढं मी प्रत्येकालाच सांगतो.

तुमच्या गाडीत दोष कॅलिपरमध्येच आहे हे आम्ही अंदाजानं सांगितलं नव्हतं. गाडी परत आणली तेव्हा चाक जाम असताना ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा स्क्रू, जरासा सैल केला. अडकलेला दाब निघून चाक सुटलं असतं तर दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या पंपात) किंवा पाईपमध्ये निघाला असता, कारण मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक बुजलं तरी ब्रेक असाच धरतो. निपल उघडूनही चाक सुटलं नाही. तुम्ही तिथंच उभे होतात.

ब्रेक ऑइलही काळं पडलं आहे. ते हवेतली ओल ओढतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घासणाऱ्या ब्रेकवर ऑइल उकळलं तर लिव्हर थेट मुठीला टेकते. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच असतं.

पैशाचं असं: सील किट, ब्रेक ऑइल आणि पॅड यांचे छापील किमतीप्रमाणे पैसे लागतील. पॅड काढण्या-बसवण्याची मजुरी पुन्हा घेणार नाही. पिस्टनचं क्रोम गेलेलं निघालं तर तुम्हाला दाखवू. पॉलिश पेपर मारून तोच पिस्टन आम्ही बसवत नाही, नवाच टाकावा लागेल. तुमचे जुने पॅडही ठेवले आहेत, दोन्ही शेजारी ठेवून बघा. बाजाराचा दिवस सोडून कधीही सकाळी या, गाडी चालवत आणू नका, मालवाहू ऑटोत टाकून आणा. कॅलिपर तुमच्यासमोर खोलू.