‘२० गेज’ म्हणजे नेमकं किती हो?

दागिन्यांच्या तारेच्या पाकिटावर जाडी म्हणून नुसतं ‘२० गेज’ छापून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? कुठलं गेज? अमेरिकन मापात २० गेज म्हणजे ०.८१ मि.मी., ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात ०.९१. आपल्याकडे दोन्ही सर्रास विकतात आणि दुकानदाराला विचारलं तर ‘ज्वेलरीचीच तार आहे’ एवढंच उत्तर. दशांश एकाचा तर फरक, म्हणाल. मण्याचं भोक ०.८५ मि.मी. असलं की कळतो तो फरक. तार अर्ध्यात अडते, माणूस रेटतो आणि काचेच्या मण्याची भोकाजवळची कड टचकन उडते. मि.मी. लिहायला काय शाई संपते?

मग ते जिग, म्हणजे भोकांत खुंट्या बसवून त्यांभोवती तार वळवायची पाटी. ‘खुंट्या लावा, तार फिरवा, झालं!’ डोंबलाचं झालं. ८ मि.मी.चा मणी आणि दोन्हीकडे ३ मि.मी.च्या खुंटीवरच्या कड्या, म्हणजे ०.८च्या तारेला खुंट्यांच्या मध्यांत साधारण साडेबारा मि.मी. अंतर हवं. पाटीवरची भोकं ठरावीक अंतरावर. जवळची खुंटी घ्यावी तर मणी बसत नाही, लांबची घ्यावी तर कडीशेजारी उघडी तार दिसते आणि मणी सैल खुळखुळतो. मणी पाटीच्या भोकांकडे बघून निवडा, हे कोणी आधी सांगत नाही.

तारेचा हिशोबही कोणी देत नाही. ३ मि.मी.च्या खुंटीभोवती एका कडीला १२ मि.मी. तार जाते. दोन कड्या, मणी आणि पक्कडीत धरायचं टोक धरून एका मण्यामागे ४५ मि.मी. कापावी लागते. १८ इंची माळेला असे २८ तुकडे, म्हणजे सव्वा मीटर. आणि पाकीट? एक मीटरचं!

बरं, खुंटीवरून काढली की तार थोडी उलगडतेच, म्हणून वेढा पूर्ण गोलाच्या जरा पुढे न्यायचा असतो. हे माहीत नसलं की कडीला फट राहते आणि तिथूनच माळ सुटते. सरळ करून पुन्हा वळवावी, तर तांबं प्रत्येक वाकवण्यागणिक ताठर होत जातं आणि पुन्हा पुन्हा तेच केलं की त्याच जागी तुटतं. साधं तांबं असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं. पण सोनेरी मुलाम्याची तार तापवली तर मुलामा काळा पडतो, आणि दातेरी पक्कडीनं धरली तर खरवडून निघतो. त्याला गुळगुळीत जबड्याची, नाहीतर नायलॉनची पक्कड लागते. ती ‘संपूर्ण किट’मध्ये नसते, वेगळी घ्या!

जंप रिंग, म्हणजे दोन भाग जोडायची फटीची छोटी कडी, ओढून रुंद करायला शिकवणाऱ्यांना तर हात जोडावेत. अहो, ती बाजूला पिळून उघडायची असते, एक टोक पुढे, एक मागे. ओढली की गोल बिघडला, मग तोंडं जुळतच नाहीत.

आणि ‘जिग कशाला विकत घेता, फळीवर खिळे ठोका’ म्हणणारे महाभाग! खिळ्यांची डोकी कापून कानशीनं घासायला कोण सांगणार? डोक्यासकट ठोकले तर वळवलेली कडी त्या खिळ्यावरून वर निघणार कशी?